ड्रोनची बॅटरी चार्ज कां होत नाहीं?

वऱ्हाडांतील कपाशीच्या शेतावर पाठीवरील पंपाच्या जोडीला उडतें यंत्र येऊं लागलें आहे. अमरावती-अकोल्याकडील खेड्यांत आतां ही गोष्ट नवलाची राहिलेली नाहीं. या बदलामागें एक दुःखद स्मृतिही आहे. सन २०१७ च्या हंगामांत शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांत फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसजणांच्या आसपास शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखीं पडले आणि शेंकडों आजारी झाले. माणसास औषधाच्या तुषारांपासून दूर ठेवणारें साधन म्हणून ड्रोनचें मोल या प्रांतास विशेष वाटावें, हें साहजिकच आहे. पुढें २०२३ सालीं केंद्र सरकारनें महिला बचत गटांसाठीं १५,००० ड्रोनची ‘नमो ड्रोन दीदी’ योजना मंजूर केली व किंमतीच्या ८० टक्के, परंतु आठ लाख रुपयांच्या मर्यादेंत, साहाय्य ठरविलें. उरलेल्या रकमेसाठीं ज्या गटानें कर्ज काढलें असेल, त्याचा ड्रोन ऐन भाद्रपदांत जमिनीवर बसून राहिला तर हप्ता अडतो आणि कीड मात्र कोणासाठीं थांबत नाहीं. यंत्र असें बसून राहण्याचें एक नेहमींचें कारण म्हणजे चार्ज न होणारी बॅटरी. आज तिचाच विचार करूं.

दहा लिटर टाकीच्या फवारणी-ड्रोनांत बहुधा दोन बॅटऱ्या जोडीनें बसवितात. प्रत्येक बॅटरींत लिथियम-पॉलिमर जातीचे सहा सेल एकापुढें एक जोडलेले असतात. एका सेलचा सरासरी दाब ३.७ व्होल्ट व पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट असतो. म्हणजे सहा सेलची बॅटरी पूर्ण भरली असतां २५.२ व्होल्ट दाखविते. सोळा अँपिअर-तासांच्या अशा बॅटरींत सुमारें ३५५ वॅट-तास वीज मावते, आणि ड्रोन ती दहा-बारा मिनिटांत ओढून घेतो. एवढा ताण सोसणारी वस्तु नाजूक असणारच.

आतां सेलच्या अंतरंगांत पाहूं. त्यांत तांब्याचा एक अत्यंत पातळ पत्रा असतो. सेल मर्यादेपलीकडे रिकामा झाला कीं हें तांबें द्रवांत विरघळूं लागतें. अशा सेलमध्यें पुन्हां वीज भरली म्हणजे तेंच तांबें भलत्या जागीं सांठतें आणि आंतल्या आंत दोन्ही बाजू जोडून टाकतें. मग सेल तापतो, फुगतो व प्रसंगीं पेट घेतो. म्हणून सेलचा दाब ३ व्होल्टच्या खालीं गेला असतां चांगला चार्जर वीज देण्याचें नाकारतो. हा नकार पुष्कळदां बिघाड नसून इशारा असतो. दुसऱ्या बॅटरीची तार जोडून किंवा चार्जरवर भलत्याच जातीची बॅटरी निवडून त्याला फसविण्याची युक्ति कांहीं ठिकाणीं सांगितली जाते. ती मुळींच करूं नये.

तर मग तपासणी कोणत्या क्रमानें करावी? आरंभीं बॅटरी डोळ्यांनीं पाहावी. ती फुगली असेल, चेपली असेल किंवा तिला गोडसर उग्र वास येत असेल, तर पुढील कोणतीही परीक्षा न करतां ती घराबाहेर मोकळ्या जागीं ठेवावी. बाह्यतः ती निर्दोष दिसल्यास तिला हात लावून पाहावा. नुकतीच उतरलेली बॅटरी गरम असते, आणि सुमारें ४० ते ४५ अंशांच्या वर कित्येक बॅटऱ्या चार्ज होण्याचें नाकारतात. अशा वेळीं ती सावलींत अर्धा तास ठेवावी. पाणी अथवा बर्फ लावूं नये.

त्यानंतर विजेकडे वळावें. सोळा अँपिअरनें दोन बॅटऱ्या एकदम भरणारा चार्जर आठशें वॅटहून अधिक वीज मागतो. गांवांत संध्याकाळीं दाब उतरलेला असला, जोडतार लांब व बारीक असली किंवा जनित्र लहान असलें, तर चार्जर मधेंच थांबतो आणि दोष मात्र बॅटरीच्या माथीं येतो. याचा निर्णय अदलाबदलीनें होतो. त्याच चार्जरला त्याच जातीची दुसरी चांगली बॅटरी जोडावी. ती भरली, तर संशय पहिल्या बॅटरीवर. तीही न भरली, तर चार्जरवर किंवा विजेवर.

संशय बॅटरीवर आला तर तिची जोडणी पाहावी. फवारणीच्या औषधाचे शिंतोडे जोडांवर वाळून तेथें पांढरा किंवा हिरवट थर धरतो. कधीं ठिणगीनें धातु काळवंडतो. जोड सुटा करून कोरड्या फडक्यानें पुसावा. जळालेला जोड मात्र जाणत्या कारागिराकडूनच बदलून घ्यावा. नंतर चार्जरच्या पडद्यावर प्रत्येक सेलचा दाब वाचावा. सर्व सेल ३.५ व्होल्टच्या वर व एकमेकांजवळ असतील तर बॅटरी बहुधा धड आहे. एखादा सेल इतरांहून ०.१ व्होल्टपेक्षां अधिक मागें पडत असेल आणि पुनःपुन्हां तसाच राहत असेल, तर तो थकला आहे असें समजावें. एकही सेल ३ व्होल्टच्या खालीं असेल, तर बॅटरी विक्रेत्याकडे न्यावी. कांहीं बॅटऱ्यांत स्वतःचें नियंत्रक मंडल असतें व दीर्घकाळ पडून राहिल्यास तें निद्रिस्त होतें. त्यांना जागें करण्याची रीति निर्मात्याच्या पुस्तिकेंत दिलेली असते, तीच पाळावी.

परंतु श्रोतेहो, श्रावणांत मेलेली आढळणारी बॅटरी पुष्कळदां वैशाखांतच मेलेली असते. खरिपाची फवारणी संपते, हरभऱ्याचीही आटोपते आणि पुढें चार-पांच महिने ड्रोन टिनाच्या छपराखालीं पडून राहतो. अकोल्याचा पारा ४५ अंशांवर चढतो, तेव्हां त्या छपराखालीं काय होत असेल याची कल्पना करावी. पूर्ण भरून ठेवलेली बॅटरी अशा उष्णतेंत लवकर झिजते व फुगते. रिकामी ठेवलेली बॅटरी हळूहळू आणखी उतरत जाऊन मरते. यावर उपाय मधला आहे. सेलमागें ३.८ ते ३.८५ व्होल्ट, म्हणजे सहा सेलच्या बॅटरीस २२.८ ते २३.१ व्होल्ट, अशी ती सुमारें अर्धी भरून ठेवावी. जागा मातीच्या भिंतींच्या थंड, कोरड्या खोलीसारखी असावी. दर महिन्यास एकदां दाब पाहून वहींत लिहावा. हंगामांतही कामाच्या आदल्या रात्रींच बॅटरी पूर्ण भरावी, आणि सेलमागें ३.५ व्होल्ट उरले असतांनाच ड्रोन उतरवावा.

आणखी एक गोष्ट वऱ्हाडासाठीं विशेष महत्त्वाची आहे. भाव वाढेल या आशेनें आपल्याकडे कापूस महिनोन् महिने घरांतच सांठवितात. त्या खोलींत बॅटरी ठेवणें किंवा चार्ज करणें म्हणजे ठिणगीला घरांत बोलावणें होय. चार्जिंग फरशीवर, वारा खेळेल अशा जागीं आणि कोणी जागें असतांनाच करावें. वाळूची बादली जवळ असावी. बॅटरीनें पेट घेतलाच तर तिचा धूर विषारी असतो हें ध्यानांत ठेवून आधीं माणसें दूर न्यावींत.

निकामी बॅटरी भंगारवाल्यास देऊं नये, उकिरड्यावरही टाकूं नये. सन २०२२ च्या बॅटरी-कचरा नियमांन्वयें वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. विकत घेतांनाच ती परत कोठें द्यावयाची हें विचारून ठेवावें. बैलाला हंगामापूर्वीं जसा चारा, तसा हंगाम संपल्यावर विसांवाही आपण देतों. बॅटरीचा विसांवा नीट सांभाळला, तर पोळा उलटल्यावर शेतांत उभें राहून चार्जरचा लाल दिवा पाहत बसण्याची वेळ सहसा येणार नाहीं.