काटे मोजा, मग नाव सांगा

अमेरिकेच्या ईशान्य भागात राहणाऱ्या आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या दारापुढे एक काटेरी झुडूप असते. घर घेतले तेव्हाच कोणीतरी लावून ठेवलेले. कधी हिरव्या पानांचे, तर कधी पार गर्द जांभळट. पाने झडली तरी लाल फळे भर हिवाळ्यात लोंबत असतात. शेजाऱ्याला नाव विचारावे तर तो म्हणतो, ‘बार्बेरी’. भारतातून आलेले आजी-आजोबा फांदी मोडून आतला पिवळा रंग पाहतात आणि म्हणतात, ‘‘अरे, ही तर दारुहळद!’’

दोघांचेही म्हणणे अर्धेच बरोबर! ‘बार्बेरी’ हे आडनाव झाले, आणि या कुळात चारशेहून अधिक जाती आहेत. पिवळा रंग बर्बेरिन नावाच्या द्रव्याचा. तो सगळ्याच भावंडांत सापडतो, त्यामुळे त्यावरून ओळख पटत नाही. आम्हा इंजिनियर मंडळींना पार्ट नंबर पुरता वाचल्याशिवाय चैन पडत नाही. इथे त्यासाठी तीन गोष्टी पाहाव्यात : काटा, पानाची कड आणि फुलांची मांडणी.

जपानी बार्बेरीचा काटा बहुधा एकेरी, सुईसारखा. पान लहान, टोकाकडे रुंद चमच्यासारखे, आणि कड अगदी गुळगुळीत. फुले एकेकटी किंवा दोन-चारच्या झुबक्यात. दारापुढची बार्बेरी बहुतेक वेळा हीच निघते.

युरोपीय बार्बेरीचा काटा बहुधा तिहेरी, त्रिशूळासारखा. पानाची कड बारीक दातेरी. बोट फिरवले की टोचते. दहा-वीस पिवळी फुले द्राक्षाच्या घोसासारखी खाली लोंबतात. गेल्या वर्षीची फांदी करड्या रंगाची दिसते.

तिसरी मूळची इथलीच, अमेरिकन बार्बेरी. शास्त्रीय नावात ‘कॅनडा’ असले तरी ती कॅनडात उगवत नाही. तिचे घर व्हर्जिनियाकडचे अपलेशियन डोंगर. काटा तिचाही तिहेरी आणि फुलांचा घोसही आहे, पण तो आखूड. पानाला दाते मोजकेच, आणि गेल्या वर्षीची फांदी करडी नसून तांबूस-तपकिरी. ही आता दुर्मिळ आहे.

एवढा खटाटोप कशाला? तर त्यामागे गव्हाची गोष्ट आहे. युरोपीय बार्बेरी वसाहतवाल्यांनी मुरंब्यासाठी, पिवळ्या रंगासाठी आणि कुंपणासाठी आणली. पण गव्हावरचा काळा तांबेरा आपल्या जीवनचक्राचा एक टप्पा हिच्या पानांवर काढतो. १८६५ साली आंतोन द बारी या जर्मन शास्त्रज्ञाने ते सिद्ध केले. शेतकऱ्यांना संशय आधीपासूनच होता. कनेटिकटने तर १७२६ सालीच हिच्याविरुद्ध कायदा केला होता. १९१८ पासून अमेरिकेत ती उपटण्याची मोठी मोहीम निघाली. अमेरिकन बार्बेरीवरही तांबेरा पडतो, म्हणून तीही त्यात भरडली गेली.

जपानी बार्बेरीचे बी १८७५ साली बोस्टनच्या अर्नोल्ड आर्बोरेटममध्ये आले. तिला हा तांबेरा लागत नाही, म्हणून नर्सरीवाल्यांनी हौसेने ती खपवली. पण पक्ष्यांनी तिची फळे खाऊन बी रानोमाळ नेले. हरणे तिला तोंड लावत नाहीत, त्यामुळे तिची दाट जाळी माजते. जाळीखाली ओलावा टिकतो, उंदीर लपतात आणि गोचिडी सुखाने नांदतात. कनेटिकटमधल्या संशोधनात अशा जाळीत लाइम रोगाच्या गोचिडी मोकळ्या रानापेक्षा कितीतरी पटीने जास्त आढळल्या. मुले चेंडू शोधायला शिरतात ती हीच जागा! पेन्सिल्व्हेनियाने २०२१ साली तिला उपद्रवी झाडांच्या यादीत टाकले.

आता दारुहळदीकडे येऊ. आयुर्वेदातली खरी दारुहळद हिमालयातली. तिची पाने चिवट आणि फळे निळसर-जांभळी. तेव्हा लाल फळांची दारची बार्बेरी उकळून कोणी काढा करू नये. बर्बेरिन हे औषधी द्रव्य आहे. गरोदर बायकांना आणि तान्ह्या बाळांना तर ते वर्ज्यच. मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटमधल्या ‘ब्रिटानिया’चा बेरी पुलाव ज्यांच्या जिभेवर आहे त्यांनीही मोहात पडू नये. ती आंबट सुकी फळे इराणातल्या बिनबियांच्या वाणाची. आपल्या दारची कोरडी आणि कडवट लागतात.

काटा एकेरी आणि पानाची कड गुळगुळीत असेल, तर लवकर वसंतात जाड हातमोजे घालून झुडूप मुळासकट काढावे. रानातली इतर झुडपे उघडी असतानाच हिला पालवी फुटते, त्यामुळे ती चटकन नजरेला पडते. घरी आल्यावर मुलांचे पाय आणि मोजे जरूर तपासावेत. पण डोंगरात फिरताना तिहेरी काट्याची, तांबूस फांदीची, मोजक्या दात्यांची बार्बेरी भेटली, तर तिला हात लावू नये. ती इथली मूळ रहिवासी आहे, आणि आधीच फार थोडी उरली आहे.