कोकरांच्या खुराकात शेवाळ

शेवाळ म्हटले की घसरलेला पाय आठवतो. पण स्पिरुलिना हे सूक्ष्म निळे-हिरवे शेवाळ (काटेकोर वर्गीकरणात ते जीवाणूंत मोडते) वाळवले, तर त्याच्या वजनात साधारण ६० टक्के प्रथिने भरतात. सोयाबीन पेंडीत ती ४५ टक्क्यांच्या आसपास असतात. म्हणूनच वाढत्या कोकरांना ते देऊन पाहावे, असे पशुवैज्ञानिकांना वाटले.

टास्मानिया विद्यापीठाच्या संशोधकांनी दूध तुटलेल्या कोकरांना स्पिरुलिनाची पूड पाण्यात कालवून पाजली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात १० टक्के मिश्रण मिळालेल्या कोकरांची वजने ते न मिळालेल्यांपेक्षा सरस ठरली. २० टक्क्यांचा मात्र तसा फायदा दिसला नाही. कोकरे मोजकीच होती, त्यामुळे हा शेवटचा शब्द नव्हे. तरीही निकाल मेंढीच्या पचनाशी जुळतो. पोटाच्या पहिल्या कप्प्यातले जीवाणू प्रथिने फोडून अमोनिया करतात. त्यांना वापरता येईल त्याहून जास्त झालेला अमोनिया यकृताकडे जातो आणि युरिया होऊन बराचसा लघवीवाटे निघून जातो. म्हणजे महागडा खुराक मातीत!

समुद्री शेवाळाची गोष्ट आणखी वेगळी. स्कॉटलंडजवळच्या नॉर्थ रोनाल्डसे बेटावर १८३२ मध्ये बांधलेल्या दगडी भिंतीबाहेर, किनाऱ्यावर मेंढ्या प्रामुख्याने शेवाळावर जगतात. त्यातून तांबे कमी मिळते, म्हणून त्यांचे शरीर मिळेल ते तांबे धरून ठेवते; साध्या कुरणावर दीर्घकाळ ठेवल्यास त्यांना तांब्याची विषबाधा होऊ शकते. तिथेही लेकुरवाळ्या मेंढ्यांना काही महिने भिंतीआत, गवतावरच ठेवतात.

आपल्याकडे लोणारच्या खाऱ्या सरोवरात स्पिरुलिना नैसर्गिकरीत्या सापडते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने जुळी कोकरे देणाऱ्या मेंढ्या विकसित केल्या आहेत. दोघांना दूध अपुरे पडते, तिथे असा थोडा पूरक खुराक उपयोगी पडू शकेल. पण माणसांसाठी विकल्या जाणाऱ्या पुडीचा भाव पाहता, मेंढपाळाला आज तरी पेंडच परवडते.

आणि फुकटचे शेवाळ म्हणून तळ्यावरची हिरवी साय कोकरांना घालू नये. निळ्या-हिरव्या शेवाळांच्या काही जाती यकृत निकामी करणारे विष तयार करतात, आणि ते उकळूनही जात नाही. उन्हाळ्यात पाणी आटून असा तवंग धरला, की कळप दुसऱ्या पाणवठ्यावर न्यावा.