विधीचे मौन आणि न्यायाधीशाचा निर्णय

न्यायाधीश विधिनियम हाती घेतो, सिद्ध झालेली तथ्ये त्याला लावतो आणि निष्कर्ष काढतो, ही न्यायनिर्णयाची रूढ कल्पना तर्कशास्त्रातील अनुमानाच्या नमुन्यावर बेतलेली आहे. बहुसंख्य दाव्यांत ती खरीही ठरते. परंतु विधी जेथे मौन धारण करतो तेथे अनुमानाचा आरंभ कोठून करावयाचा, हाच मुळी वादाचा विषय होतो. मुंबई उच्च न्यायालयातील दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई हा दावा या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

रखमाबाईंचा विवाह वयाच्या अकराव्या वर्षी झाला. पतिगृही त्या कधीच नांदावयास गेल्या नाहीत. 1884 साली पतीने दांपत्यहक्कांच्या पुनःस्थापनेचा दावा लावला. 1885 मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला. पुनःस्थापना खंडित झालेल्या सहवासाची होऊ शकते. येथे सहवास कधी घडलाच नव्हता. शिवाय असा दावा हिंदू धर्मशास्त्रास अपरिचित, इंग्लंडातील धर्मपीठांच्या न्यायालयांतून आलेला. आणि अशा परिस्थितीत स्त्रीवर सक्ती केल्याचा पूर्वनिर्णय वादीस दाखविता आला नाही. पिन्ही एवढ्यावर थांबले नाहीत. अशी सक्ती क्रूरपणाची होईल, हेही त्यांनी उघडपणे नमूद केले.

1886 मध्ये मुख्य न्यायमूर्ती सार्जंट व न्यायमूर्ती बेली यांनी अपिलात हा निर्णय फिरविला. हिंदू विवाह संस्काराने पूर्ण होतो, असे दावे येथील न्यायालये चालवीत आली आहेत, आणि सहवास घडला की नाही असा भेद करण्यास विधीत आधार नाही, ही त्यांची भूमिका होती.

दोन्ही पक्षी युक्तिवाद 'आधार नाही' असाच आहे, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. पिन्ही सक्तीसाठी आधार मागतात. अपील न्यायालय सक्तीतून सूट देण्यासाठी मागते. आधार दाखविण्याचा भार कोणी वाहावयाचा, हे तर्कशास्त्र सांगत नाही. पिन्हींनी भावनेस विधीचे स्थान दिले, असा आक्षेप घेता येईल, आणि तो अगदीच निराधार नाही. पण पत्नीची संमती विधिदृष्ट्या गौण मानणे हाही मूल्यनिर्णयच होय. फरक इतकाच की तो परंपरेत मुरलेला असल्याने मूल्यनिर्णय म्हणून दिसत नाही.

फेरसुनावणीत, 1887 मध्ये, न्यायमूर्ती फॅरन यांनी रखमाबाईंना पतीकडे जाण्याचा आदेश दिला. अवज्ञेस सहा महिन्यांचा कारावास. त्यांनी कारावासाची तयारी दर्शविली. 1888 मध्ये दोन हजार रुपये देऊन वाद मिटला. पुढे 1923 च्या दुरुस्तीने अशा हुकूमनाम्यासाठी होणारी कैद रद्द झाली. दाव्याचा हक्क मात्र 1955 च्या हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम 9 मध्ये टिकून राहिला. हे कलम आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने 1983 मध्ये घटनाबाह्य ठरविले, तर 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरविले.