पुन्हा उघडलेले दुकान आणि नकाशावरची जुनी नोंद

बंद पडलेला व्यवसाय पुन्हा सुरू होतो, तेव्हा त्याची बातमी गावात एका दिवसात पसरते. परंतु मोबाइलवरील नकाशात त्याच्या नावापुढे ‘कायमचे बंद’ अशी जी अक्षरे एकदा उमटलेली असतात, ती कोणी लक्ष घालून दुरुस्त करेपर्यंत बहुधा तशीच राहतात. भिवंडी तालुक्यातील अंजूरसारख्या गावी हा प्रश्न विशेष गंभीर ठरतो. माणकोली, दापोडे, वळ, पूर्णा, काल्हेर या गावांच्या आसपास गोदामांचा जो विस्तीर्ण पट्टा उभा राहिला, त्याने येथील गिऱ्हाईकच बदलून टाकले. खानावळ, टायर दुरुस्तीचे दुकान, गॅरेज किंवा मेडिकल यांच्याकडे येणारा माणूस आता पुष्कळदा परराज्यातील मालमोटारचालक असतो. तो कोणाला ओळखत नाही, फलकावरील मराठी त्याला वाचता येतेच असे नाही, आणि कोठे जेवण मिळेल हे तो नकाशालाच विचारतो. वसईच्या मोहिमेत (१७३७–३९) मराठ्यांना साहाय्य करणाऱ्या गंगाजी नाईकांचे गाव म्हणून अंजूर इतिहासात परिचित आहे, आणि नाईकांच्या वाड्यातील सिद्धिविनायकाच्या दर्शनाला येणारे बाहेरगावचे भाविकही त्याच नकाशावर विसंबतात.

नकाशावरील ही नोंद म्हणजे नाव, पत्ता, दूरध्वनी, वेळा, छायाचित्रे आणि ग्राहकांचे अभिप्राय यांचा एकत्र संच होय. गुगलने व्यावसायिकांसाठी २०१४ मध्ये सुरू केलेल्या सेवेला २०२१ पासून ‘गुगल बिझनेस प्रोफाइल’ असे नाव आहे आणि ती विनामूल्य आहे. नोंद मात्र मालकाने केली तरच अस्तित्वात येते असे नाही. ती एखाद्या ग्राहकाने किंवा खुद्द कंपनीनेही निर्माण केलेली असू शकते, आणि कोणीही वाचक तिच्यात बदल सुचवू शकतो. दुकान बंद असल्याचे कळवणारा माणूस बहुतेक वेळा प्रामाणिकच असतो, कारण त्याला शटर खाली दिसलेले असते. २०२० च्या टाळेबंदीत ‘तात्पुरते बंद’ ही खूण सर्वांच्या परिचयाची झाली. या खुणेचा अर्थ व्यवसाय परत सुरू होणार आहे असा होतो, तर ‘कायमचे बंद’ या खुणेमुळे नवखा ग्राहक तेथे फिरकतच नाही. डागडुजीसाठी किंवा आजारपणामुळे काही महिने दुकान बंद ठेवणाऱ्याने पहिली खूण स्वतःच लावून ठेवली, तर दुसरी लागण्याची शक्यता पुष्कळ कमी होते.

दुकान उघडताना बहुतेकांना सोपा वाटणारा मार्ग म्हणजे नवी नोंद करणे, आणि तोच बहुधा चुकीचा असतो. एकाच जागी एकाच व्यवसायाच्या दोन नोंदी झाल्या, म्हणजे एक ‘बंद’ आणि दुसरी अभिप्रायांवाचून रिकामी अशी स्थिती होते, ग्राहक संभ्रमात पडतो आणि कंपनी त्यांपैकी एक नोंद दुबार समजून काढूनही टाकू शकते. म्हणून आधी जुन्या नोंदीचा ताबा मिळवावा. ती कोणाच्याच खात्याशी जोडलेली नसेल, तर तिच्यावर मालकी सांगता येते. जुन्या नोकराच्या किंवा भागीदाराच्या खात्याशी जोडलेली असेल, तर त्याच्याकडे हस्तांतराची विनंती पाठवता येते आणि त्याने काही दिवसांत उत्तर दिले नाही तर पुढील मार्ग खुला होऊ शकतो. त्यानंतर पडताळणी होते, म्हणजे विनंती करणारा खरोखरच तो व्यवसाय चालवतो याची खात्री केली जाते. ती अनेकदा मोबाइलवर घेतलेल्या सलग, न कापलेल्या चित्रफितीवरून होते. तीत रस्ता, फलक, आणि कुलूप उघडणे किंवा गल्ल्यामागे जाणे यांसारखी केवळ चालकालाच शक्य असलेली कृती दिसावी लागते. हे झाल्यावर ‘सुरू’ अशी खूण करता येते.

अंजूरमध्ये स्थान तपासणे हे वेगळे आणि निकडीचे काम आहे. अंजूर हे गाव आणि अंजूर फाटा हा भिवंडी शहरालगतचा गजबजलेला चौक या दोन जागा एकमेकींपासून काही किलोमीटर दूर आहेत. पत्त्यात नुसते ‘अंजूर, भिवंडी’ असे लिहिले तर परका चालक फाट्यावर जाऊन उभा राहण्याची शक्यता असते. ४२१३०२ हा पिनकोड परिसरातील अनेक गावांना समान असल्याने त्याचाही उपयोग थोडाच. अशा वेळी नकाशावरील खुणेची टाचणी बोटाने सरकवून नेमकी दारात आणून ठेवणे हाच खात्रीचा उपाय ठरतो. टपाल विभागाने २०२५ मध्ये आणलेला ‘डिजिपिन’ हा दहा अक्षरांकांचा संकेत सुमारे चार मीटर लांबी-रुंदीचा चौकोन दाखवतो. तो बिलावर किंवा संदेशात देण्यासारखा आहे. नाव मात्र दारावरील फलकावर असेल तेच द्यावे, त्याला ‘भिवंडीतील सर्वोत्तम’ अशी शेपटी जोडणे नियमबाह्य आहे.

दूरध्वनी क्रमांकाकडे अधूनमधून पाहत राहणे आवश्यक आहे, कारण बदल सुचवण्याच्या सोयीचा गैरवापर झालेला आहे. २०१८ मध्ये भामट्यांनी नकाशावरील बँकेच्या शाखांच्या नोंदींत स्वतःचे क्रमांक घालून ग्राहकांकडून गुप्त तपशील काढून घेतल्याच्या तक्रारी महाराष्ट्र सायबर पोलिसांकडे आल्या होत्या. ‘मॅपल्स’ आणि ‘ॲपल’च्या नकाशांवर, तसेच ‘जस्टडायल’सारख्या सूचीतही व्यवसायाची नोंद असू शकते, तेथेही तोच क्रमांक आणि त्याच वेळा असाव्यात.

अभिप्रायांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. मालक, नाव आणि काम तेच असेल, तर जुने अभिप्राय, वाईट अभिप्रायांसह, ठेवणेच योग्य. त्यांत त्या दुकानाची अनेक वर्षांची ओळख साठलेली असते. जुन्या तक्रारीला मालकाने जाहीर उत्तर द्यावे, कोणती उणीव दूर केली आणि दुकान कधीपासून पुन्हा सुरू आहे हे दोन वाक्यांत सांगावे, वाद घालू नये. केवळ कठोर आहे म्हणून अभिप्राय काढला जात नाही. शिवीगाळ, खोटेपणा किंवा भलत्याच दुकानाविषयीचा मजकूर असेल तरच तक्रार करण्यात अर्थ असतो. याउलट जागा तीच पण मालक आणि धंदा दोन्ही बदलले, खानावळीच्या जागी मोबाइलचे दुकान आले, तर जुनी नोंद बंदच राहू द्यावी आणि नवी करावी. दुसऱ्याच्या हातच्या जेवणाने मिळवलेले तारे स्वतःच्या दारावर लावणे ही ग्राहकाची फसवणूक आहे.

नवे अभिप्राय मागण्यास हरकत नाही. बिल देताना विनंती करावी. परंतु पाच ताऱ्यांच्या बदल्यात सवलत देणे, नातेवाइकांकडून लिहवून घेणे किंवा असे अभिप्राय विकत घेणे गुगलच्या नियमांत बसत नाही. भारतीय मानक ब्यूरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘आयएस १९०००:२०२२’ हे मानक जाहीर केले. ते ऐच्छिक असले तरी अभिप्राय देणारा खरा असावा आणि अनुकूल-प्रतिकूल मते निवडून लपवू नयेत हा त्याचा आग्रह लहान दुकानदारानेही मानण्याजोगा आहे. नोंद सुधारल्यावर परक्या मोबाइलवरून, म्हणजे मालकाच्या खात्याशी संबंध नसलेल्या यंत्रावरून, दुकानाचे नाव मराठीत आणि इंग्रजीत शोधून पाहावे; दोन्ही वेळा टाचणी त्याच दारात आणि खूण ‘सुरू’ अशीच दिसते का हे तपासावे, आणि गणेशोत्सव-दिवाळीच्या सुट्ट्यांसाठी ‘विशेष वेळा’ आधीच भरून ठेवाव्यात.