विजयस्तंभ (कोरेगाव भीमा)

विजयस्तंभ हा पुणे जिल्ह्यात भीमा नदीच्या काठी, पुणे–अहिल्यानगर मार्गालगत उभा असलेला दगडी स्मारकस्तंभ आहे. त्याला जयस्तंभ किंवा रणस्तंभ असेही म्हणतात. १ जानेवारी १८१८ रोजी झालेल्या कोरेगावच्या लढाईच्या स्मरणार्थ ईस्ट इंडिया कंपनीने तो उभारला. लढाई शिरूर तालुक्यातील कोरेगाव भीमा गावात झाली. स्तंभ मात्र नदीपलीकडे, हवेली तालुक्यातील पेरणे गावाच्या हद्दीत आहे.

पार्श्वभूमी

पुण्यातील कंपनीच्या फौजेने कुमक मागितल्यावरून कॅप्टन फ्रान्सिस स्टाँटन ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री शिरूरहून निघाला. त्याच्याबरोबर मुंबई नेटिव्ह इन्फंट्रीचे सुमारे ५०० शिपाई, काही घोडदळ, मद्रासचे तोफची आणि दोन तोफा होत्या. एकूण संख्या सुमारे ८०० होती. रात्रभर चालून सकाळी भीमेजवळ पोहोचल्यावर त्यांना दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचे सुमारे २८,००० सैन्य दिसले. स्टाँटनने कोरेगावाचा आश्रय घेतला. पेशव्यांच्या फौजेपैकी सुमारे २,००० सैनिकांनी, त्यांत अरब व गोसावीही होते, गावावर हल्ले चढवले. पाणी व अन्नावाचून दिवसभर चाललेली ही झुंज रात्री थांबली. जनरल जोसेफ स्मिथ मोठ्या फौजेसह येत असल्याने पेशव्यांनी तेथून कूच केले. कंपनीकडील सुमारे २७५ जण ठार, जखमी किंवा बेपत्ता झाले. ही लढाई निर्णायक विजय होती की नाही, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. मात्र जून १८१८ मध्ये पेशव्यांनी शरणागती पत्करली व पेशवाई संपली.

रचना आणि शिलालेख

स्तंभाची पायाभरणी २६ मार्च १८२१ रोजी झाली. चौरस दगडी चौथऱ्यावर उभा असलेला हा स्तंभ चौकोनी असून वर निमुळता होत जातो. त्याची उंची सुमारे ६० फूट आहे. त्यावर इंग्रजी व मराठी मजकुराचे संगमरवरी लेख बसवलेले आहेत. १८२४ मध्ये लढाईत जखमी झालेले जमादार खंडोजी मालवदकर यांना स्तंभाची देखभाल सोपवण्यात आली.

महाराष्ट्रात रणात पडलेल्या वीराचे स्मारक म्हणून वीरगळ उभारण्याची प्रथा जुनी आहे. वीरगळावर लढाईचे, वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरांचे व शिवपूजेचे दृश्य कोरलेले असते. वीराचे नाव मात्र बहुधा नसते. विजयस्तंभावर चित्रे नाहीत, नावे आहेत. लढाईत पडलेल्या ४९ जणांच्या या नावांत मराठे, रजपूत व मुसलमान शिपायांचाही समावेश आहे. त्यांपैकी २२ नावांच्या अखेरीस ‘नाक’ हे पद येते. त्या काळी महार समाजातील पुरुषांच्या नावांना हे पद जोडले जात असे. स्तंभाचा पुढील इतिहास मुख्यतः या नावांभोवती घडला.

स्मृतीचे परिवर्तन

कंपनीच्या लेखी हा स्तंभ आपल्या पलटणीच्या पराक्रमाची खूण होती. पेशवाईत महार समाजावर अस्पृश्यतेचे कठोर निर्बंध होते; कंपनीच्या सैन्यात मात्र या समाजातील शिपाई मोठ्या संख्येने होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज सरकारने महारांची सैन्यभरती थांबवली. ती पुन्हा सुरू व्हावी यासाठी अर्जविनंत्या करणाऱ्यांनी आपल्या पूर्वजांच्या सैनिकी सेवेचा दाखला दिला. या चळवळीत शिवराम जानबा कांबळे अग्रभागी होते.

१ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्तंभास भेट दिली. त्याच वर्षी मार्चमध्ये महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. १९४१ मध्ये महार रेजिमेंटची स्थापना झाल्यावर तिच्या सुरुवातीच्या बोधचिन्हात कोरेगावचा स्तंभ होता. अशा रीतीने साम्राज्याच्या विजयाचे चिन्ह एका समाजाच्या आत्मसन्मानाचे चिन्ह बनले. शिपाई पगारासाठी लढले की जातिव्यवस्थेविरुद्ध, हा अभ्यासकांच्या चर्चेचा विषय आहे. त्यांचा हेतू स्तंभावर लिहिलेला नाही. त्यांची नावे मात्र आहेत.

वर्तमान स्थिती

दरवर्षी १ जानेवारीस लाखो अनुयायी येथे अभिवादनासाठी येतात. त्या दिवशी स्तंभ फुलांनी सजवला जातो. २०१८ मध्ये लढाईच्या द्विशताब्दीच्या दिवशी परिसरात हिंसाचार होऊन एकाचा मृत्यू झाला. त्याच्या चौकशीसाठी राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती ज. ना. पटेल यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. त्यानंतरच्या वर्षांत अभिवादन सोहळा मोठ्या पोलीस बंदोबस्तात पार पडत आला आहे.