फोटो सोयाबीनचा

सप्टेंबरचा दुसरा आठवडा. लातूरकडच्या या शिवारात सकाळपासून भुरभुर चालूच आहे. काळ्या रानात पाय घातला की चप्पल चिखलातच राहते, म्हणून चपला हातात धरून आम्ही निघालोय. पुढं काकू, मागं गावातला सहायक पोरगा, त्याच्या मागं मी. पोराचा फोन प्लास्टिकच्या पिशवीत आहे. पिशवीवरूनच त्याचा अंगठा फिरतो.

"हंगाम खरीप. गट नंबर सांग काकू."

काकूंना तो तोंडपाठ आहे. फोन त्यांच्याकडंही आहे, पण तो नातवाकडं असतो आणि नातू पुण्यात.

सातबाऱ्यावर पिकाचा पेरा शेतकऱ्यानंच नोंदवायचा, ही ई-पीक पाहणी राज्यभर १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झाली. आधी हे काम तलाठ्याचं. "माझ्या कोरडवाहू रानात एकानं ऊस लिहून ठिवला हुता," काकू हसत सांगतात. "उसाची मोळी काही दिसली न्हाई."

आता खरी अडचण येते. सोयाबीनचे चार तास, मग तुरीचे दोन, असा पेरा आहे. ॲपला मात्र प्रत्येक पिकाचं क्षेत्र हेक्टर-आरमध्ये हवंय. अडीच एकर म्हणजे एक हेक्टर धरून पोरगा सदुसष्ट आणि तेहतीस आर टाकतो.

"तूर एवढीच?" काकूंचा आवाज चढतो.

"दोन तासांचं तेवढंच भरतंय गं."

त्या बोटांवर काही मोजतात आणि गप्प होतात. पटलेलं दिसत नाही. मलाही हे गणित फार पटत नाही. अशा मिसळलेल्या पिकाची वाटणी करायला जमीन कसणाऱ्याला कुणी शिकवलेलं नाही. ती पोराच्या अंदाजावर चाललीय.

मग फोटो. काकू पदर सावरून, डोईवर घेऊन उभ्या राहतात.

"तुझा न्हाई काकू, सोयाबीनचा."

"मग मालक कोण ते कसं कळंल?"

पोरगा हसून बाजूला करतो त्यांना. पण पडद्यावर वेगळंच येतं: आपण निवडलेल्या गटाच्या बाहेर आहोत. वर ढग दाटलेत, ठिकाण नीट लागत नाही. तो चार पावलं आत जातो, पुन्हा बघतो, बांध ओलांडतो, परत येतो. रानाची मालकीण जागेवरच उभी आहे आणि रान कुठं आहे ते फोन शोधतोय.

शेवटी विहिरीजवळ जमतं. फोटो निघतो, पण वर चढत नाही. "नेट यायलंय का?" मी विचारतो. तो मान हलवतो. नोंद फोनमध्येच जतन करून ठेवतो. रस्त्याकडच्या लिंबाखाली रेंज मिळते, तिथं थांबून पाठवायची. बॅटरी एकोणीस टक्के, आणि यादीत अजून बरीच खाती. शेजारच्या बांधावरून एक आजोबा हाक मारतातच: "लेका, माझं बी करून जा रं!"

योजना चांगली आहे, असंच माझं मत. पण लेखणी शेतकऱ्याच्या हाती दिली म्हणतात ती अजून गावातल्या एखाद-दुसऱ्या पोराच्या खिशात आहे. तेव्हा तुमच्या नावावर रान असेल, तर नोंद दुसऱ्यानं केली तरी ती त्याच दिवशी त्याच्याकडून वाचून घ्या. चूक दिसली तर ४८ तासांच्या आत ॲपमधूनच दुरुस्त करता येते.