फोनवरचा नंबर कोण लिहितो?

ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील काही कॉल सेंटरांवर छापे घातले. तेथे तरुण मुले रात्रभर अमेरिकेत फोन करीत. ‘मी कर खात्याचा अधिकारी. तुमचा कर थकला आहे, आत्ता भरा, नाहीतर अटक!’ अशी दमदाटी चाले. आणि कर भरायचा कसा? तर दुकानातून भेटकार्डे विकत घेऊन त्यांचे क्रमांक फोनवर वाचून दाखवायचे! तरीही माणसे फसली. कारण पडद्यावर नंबर अमेरिकेतला दिसे.

मित्रांनो, हे कसे जमते? तुम्हाला वाटेल, पडद्यावरचा नंबर आवाजाबरोबर आपोआपच येत असेल. तसे नाही. फोन जोडताना तो करणाऱ्याच्या बाजूची यंत्रणा अंकांचा एक वेगळा निरोप पुढे धाडते. तोच तुम्हाला दिसतो. पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता असतो ना, तसाच. धुळ्याच्या पेटीत पाकीट टाकून मागे दिल्लीचा पत्ता लिहिला, तर पोस्टमन काय तपासणार? एक्स्चेंजे मोजक्या कंपन्यांच्या हाती होती तोवर हा विश्वास चालून गेला. इंटरनेटवरून केलेल्या फोनात मात्र तो रकाना संगणकावर हवा तसा भरता येतो. २०२१ साली अमेरिकेने मोठ्या फोन कंपन्यांना या नंबराला सांकेतिक सही जोडण्याची सक्ती केली, ती यामुळेच.

आता गंमत पाहा. हा खोटा नंबर एकाच दिशेने चालतो! तुम्ही स्वतः नंबर फिरवता तेव्हा यंत्रणा खऱ्या मालकाचाच शोध घेते. म्हणून फोन ठेवून द्यावा आणि खात्याचा नंबर आपणच शोधून लावावा. समोरच्याने सांगितलेला नंबर मात्र उपयोगाचा नाही, तो त्याच्या मित्राचाच असायचा.

ठग कधी बाबांच्या पॅन क्रमांकातली दोन अक्षरेही बरोबर सांगतो. त्यात जादू कसली? व्यक्तीच्या पॅनमधील चौथे अक्षर ‘पी’ असते आणि पाचवे आडनावाचे आद्याक्षर. म्हणजे ‘शिंदे’ एवढे कळले की ‘पी’ आणि ‘एस’ फुकट! ‘उरलेले तुम्ही सांगा, पडताळून पाहतो,’ म्हटले की ऐकणारा सांगून मोकळा. मग जन्मतारीख, आधार आणि शेवटी ओटीपी.

१ ऑक्टोबर २०१९ पासून आपल्या आयकर खात्याच्या पत्रांवर सहसा एक ओळख क्रमांक छापलेला असतो. घरात त्यानंतरचे असे पत्र असेल तर आईबाबांना शेजारी बसवा, खात्याच्या संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करा आणि तो क्रमांक घालून पत्र खरे आहे का ते पाहा.